हौद्याच्या फळ्या

[डबा : पुढचं डावं चाक]

पित्ताची पिशवी यकृताच्या आड दडून बसली होती.

वासिंग आजीने दोन बोटांनी यकृताची कड उचलली, वाकून बघितलं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, "उजेड अडवू नकोस." धुक्यात उजेड होताच कुठे, तरी तो बाजूला झाला. आजीने पुन्हा बघितलं. गावाची मंबुनोंग तीच. डुकराच्या पोटात डोकावून मेलेल्यांच्या मनातलं सांगायचं काम तिच्याकडे होतं.

"बारीक आहे," ती म्हणाली. "भरलेली नाही. आणि तोंड लपवलंय."

मांस कापायला सरसावलेल्यांनी सुऱ्या खाली ठेवल्या. डुक्कर कापल्यावर लुस्बाग गावची माणसं सुरी खाली ठेवतात असं एरवी कधी होत नाही.

रोसेंडा ट्रकच्या पुढच्या डाव्या चाकाला टेकून उकिडवी बसली होती. दोन वर्षं ती या ट्रकखाली होती. या चाकाचे नट तिने सगळ्यात आधी सोडवले होते आणि सार्डिनच्या रिकाम्या डब्यात टाकून डब्यावर चिकटपट्टीने नाव लावलं होतं. मग डब्यामागून डबे वाढत गेले. आज सगळे डबे रिकामे होते, नट आपापल्या जागी होते, बटण दाबलं की इंजिन फुरफुरायचं, आणि एक बोटभर पित्ताची पिशवी नाही म्हणत होती.

"आता?" तिने विचारलं.

"आता काय," वासिंग आजी हात धूत म्हणाली, "कोणाचं तरी काहीतरी अडकलंय. ते सुटेस्तोवर ही गाडी रस्त्यावर जायची नाही."

"मी आधीच सांगत होतो," कुंपणाच्या दगडावरून रोसेंडाचा धाकटा भाऊ एडमंड म्हणाला. तो नव्या चर्चचा. पूजेचं मांस खायचं नाही म्हणून पाव घेऊन लांब बसला होता. "देवाला विचारा. डुकराला काय कळतंय?"

"तुझा देव सकाळपासून फोन उचलत नाहीये," तेओफिला काकू म्हणाली. "पाव खा गप."

हसू फुटलं, पण लगेच विझलं. सगळ्यांना माहीत होतं, सोमवारी काय आहे ते. सोमवारी रोसेंडाने मनिलात एजन्सीच्या कचेरीत जाऊन सही करायची आणि पुन्हा हाँगकाँगमध्ये आणखी एका परक्या म्हातारीला आंघोळ घालायला, भरवायला जायचं. नाहीतर हा ट्रक चालू करायचा आणि इथंच राहायचं. तिसरी वाट नव्हती. दरड कोसळून वरच्या वाडीचं वळण गेल्यापासून साधे ट्रक चढ चढेनात. तिथला कोबी माणसं पाठीवरून उतरवत होती आणि निम्मा शेतातच सडत होता. तो चढ चढणारी एकच गाडी पंचक्रोशीत होती. महायुद्ध संपल्यावर सैन्याने मागे टाकलेली, सहाही चाकांनी ओढणारी, आजोबांनी घेतलेली. सगळे तिला 'सिक्स-बाय' म्हणत. पण मेलेल्याची गाडी. पित्त हो म्हणाल्याशिवाय तिच्यात कोणी कोबीचा एक गड्डासुद्धा ठेवणार नव्हतं.


[डबा : नीट माहीत नाही]

मेकॅनिक नसलेल्या माणसाने ट्रक दुरुस्त करायला घेतला की काय होतं?

पिस्टन अडकलेले असतात. त्यांच्यावर खोबरेल आणि रॉकेल ओतायचं. अख्खा थंडीचा मोसम ओतत राहायचं, रोज सकाळी पुढचं हँडल ओढून बघायचं. हँडल हलत नाही. आपण हलतो. एका सकाळी बोटभर फिरतं, आणि आपण अंगणात एकट्याच नाचतो. खालच्या बांधावरून काकू विचारते, "काय गं, विंचू चावला का?"

गंज शिरक्यात भिजवून काढायचा. घरभर लोणच्याचा वास. बाबा म्हणतात, "जेवायला काय आहे, मडगार्ड?"

घाईत रंग दिला. धुकं रंगाखाली शिरलं आणि बॉनेटवर पापड फुगले. सगळं खरवडून पुन्हा.

तारा जोडल्या. हॉर्न दाबला की उजवा दिवा लागायचा. अजूनही लागतो.

आणि हौदा. हौद्याला लोखंडी सांगाडा होता, तळ नव्हता. तळाच्या फळ्या कोणी काढल्या हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. रोसेंडाने बाजारातून पाइनच्या नव्या फळ्या आणल्या आणि ठोकल्या. लाकूड ओलं होतं. महिन्याभरात फळ्या सुक्या बोंबलासारख्या वाकल्या, खिळे उपटून वर आले. एडमंड म्हणाला, "पत्रा टाक." ती म्हणाली, "पत्र्यावर कोबी घामेजतो, खालच्या त्रिनिदाद गावच्या बाजारात पोचेपर्यंत काळा पडतो." एडमंड स्वतः भाजी वाहायचा, छोटी नवी गाडी होती त्याची, त्याला हे तिच्याहून चांगलं माहीत होतं. तरी तो पत्रा म्हणाला. त्याला वाटायचं, ताई दमून सोडून देईल.

तिने सोडलं नाही. वाकलेल्या फळ्या चुलीत घातल्या आणि ठरवलं, आधी परवानगी मिळू दे, तळ मग बघू.

म्हणून आज डुक्कर.


[डबा : दोन्ही बाजूंचे दरवाजे]

ट्रकच्या उजव्या बाजूला बाकावर तिचे बाबा, हिलारियो. डाव्या बाजूला वळचणीखाली थोरले काका, कालिक्स्तो. हातात तांदळाच्या दारूचा पेला, डोक्यावर हॅट. दोघांच्या मधे ट्रक.

तीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपापासून हे दोघे एकमेकांशी थेट बोलले नव्हते. घरं एकाखाली एक, पाणी एकाच झऱ्याचं, वरच्याच्या कोंबड्या खालच्याच्या परसात अंडी घालायच्या. पण बोलणं नाही.

"ट्रक कोणाचा?" वासिंग आजीने विचारलं.

"आजोबांचा," रोसेंडा म्हणाली.

"म्हातारा गेल्यावर?"

 कालिक्स्तो काका पेल्यात बघत म्हणाले, "अर्धा हिलारचा असेल. तो चालवायचा. अर्धा म्हाताऱ्याबरोबर गेला. मी दिला. दिलेलं परत मागायचं नसतं. रोसेने चाकं फिरवली, इंजिन जागं केलं, पोर हुशार आहे, मी काही म्हणत नाही. पण या गाडीचा तळ म्हाताऱ्याच्या पाठीखाली आहे. नवा तळ घालून गाडी पळवायची म्हणजे त्याला सांगायचं, ऊठ बाबा, आमचं सामान परत दे."

"रोसेंडा," बाबा ट्रकच्या पलीकडून म्हणाले, "काकांना विचार, देताना कोणाला विचारलं होतं?"

"रोसे, तुझ्या बापाला सांग, विचारायला माणूस घरी असावा लागतो."

"त्यांना सांग, माणूस कुठं होता ते त्यांना माहीत होतं."

"सांग त्याला..."

"मी टेलिफोन आहे का?" रोसेंडा उठून उभी राहिली. "लहानपणापासून तुमच्या दोघांची तार होऊन बसलेय मी. आईच्या अंत्यविधीला सुद्धा. 'काकांना सांग, शवपेटी उचला.' 'बापाला सांग, दुसरी बाजू धर.' मी सोमवारी मनिलाला जाईन. जाते. मग निरोप द्यायला एडमंडला ठेवा."

"मला नको," एडमंड म्हणाला. "मी फक्त देवाशी बोलतो."

या वेळी कोणी हसलं नाही. रोसेंडाच्या आवाजातलं 'जाते' सगळ्यांनी ऐकलं होतं.


[डबा : मागचा एक्सल]

बाबा बोलायला लागले. कोणाकडे बघून नाही. स्टिअरिंगकडे बघून, जणू तिथं कोणी बसलंय.

"एक्सलचा दांडा तुटला होता. मी नवा आणायला खाली बागियोला गेलो. दुकानात उभा होतो आणि जमीन हलली. दुकान गेलं. रस्ता गेला, डोंगरच रस्त्यावर आले होते. मी दांडा सोडला नाही. लोक म्हणाले, अरे वेड्या, पाणी घे, भात घे. मी लोखंड घेतलं. खांद्यावर टाकून चालत आलो. दरडींवरून. रात्री दांडा उशाला घेऊन झोपायचो. म्हटलं, बाबा आजारी आहेत, दांडा बसवू, हौद्यात गादी टाकू, बाबांना दवाखान्यात नेऊ."

त्यांनी उजवा खांदा चोळला.

"वळणावर आलो. ट्रक दिसला. तळ नव्हता. मला लांबूनच कळलं. माणूस सांगायला येण्याआधी लाकडाने सांगितलं."

तो दांडा त्यांनी त्या दिवशी पोत्यात गुंडाळून डुकराच्या खुराड्यामागे टाकला. रोसेंडाला दोन वर्षांपूर्वी तो तिथेच सापडला, ग्रीस लावलेला. म्हणजे टाकून दिल्यावरही कोणीतरी मधूनमधून ग्रीस लावत होतं. तिने तेव्हा विचारलं नाही.

"थांबला असतात," बाबा म्हणाले. "एवढंच. मला माझ्या बापाचं तोंड बघायचं होतं."

कालिक्स्तो काकांनी पेला गुडघ्यावर ठेवला. 

"थांबलो होतो," तेओफिला काकू म्हणाली.

"तू गप," काका म्हणाले.

"तीस वर्षं गप आहे, पुष्कळ झालं." काकू पातेल्यापाशी बसली होती, हातातला डाव तसाच घेऊन उठली. "हिलार भाऊजी, ऐका. म्हातारा गेल्यावर खुर्चीत बसवला होता, रीतीप्रमाणे. तीन दिवसांत पुरायचं. पाच दिवस ठेवला. जुलैचा महिना. माशा वारायला मी बसायचे. मंबुनोंग म्हणाली, खुर्चीचं तोंड दाराकडे ठेवा, म्हणजे त्याला वाट सापडेल. हे ऐकेनात. रोज सकाळी उठून खुर्ची रस्त्याकडे फिरवायचे. म्हणायचे, हिलार वळणावर आला की त्याला पहिला बाप दिसू दे."

"मीच म्हणाले होते दाराकडे," वासिंग आजी म्हणाली. "ओरडले सुद्धा याच्यावर. रीत मोडतोस म्हणून."

"सहाव्या दिवशी पाऊस आला आणि म्हातारा..." काकूने डाव पातेल्यात घातला. "मग काय करणार? ओल्या लाकडाची पेटी कोण करतं? मेलेल्याच्या अंगावर पाणी गळतं. गावात सुकं लाकूड एकच होतं, या हौद्याच्या तळाचं."

बाबांनी मान वर केली नाही. 

रोसेंडाला वाटलं, आता कोणीतरी कोणालातरी मिठी मारेल. पण ही तसली माणसं नव्हती. कालिक्स्तो काकांनी पेला उलटा करून उरलेली दारू जमिनीवर ओतली, मेलेल्यांच्या वाट्याची, हॅट नीट केली, आणि पायऱ्या उतरून खाली आपल्या घराकडे निघून गेले.

"गेला," कोणीतरी म्हणालं. "रुसला."

वासिंग आजीने यकृत पानावर ठेवलं. "भात वाढा," ती म्हणाली. "आज काही होत नाही."

रोसेंडा ट्रककडे वळली. बॉनेटवर हात ठेवला. लोखंड गार होतं. ती मनातल्या मनात बॅग भरायला लागली. स्वेटर नको, तिकडे मिळतात. औषधं. बाबांचा फोटो.


[डबा : हौदा (रिकामा)]

खालून आवाज आला. लाकूड लाकडावर घासल्याचा. मग धप्प. मग पुन्हा घासल्याचा.

तेओफिला काकूने कान टवकारले. मग तिच्या हातातला डाव खाली पडला.

"अहो!" ती बांधाच्या कडेला धावली. "अहो, त्या नाही! अहो, त्या नाही म्हणते ना!"

कालिक्स्तो काकांच्या घराखाली, डुकरांचं खाणं शिजवायची चूल जिथे धुमसते त्या पोकळीत, त्यांच्या स्वतःच्या शवपेटीच्या फळ्या होत्या. त्यांनी बाप गेल्याच्या पुढच्याच वर्षी झाड निवडलं होतं, कापलं होतं, आणि वर्षानुवर्षं धुरात सुकवलं होतं. माप मेल्यावरच घ्यायचं असतं, म्हणून फळ्या अखंड होत्या, लांबच लांब, धुराने चहासारख्या काळ्या. काका पहिली फळी बाहेर ओढत होते. एक टोक त्यांच्या खांद्यावर, दुसरं जमिनीवर खरखरत.

"अहो, आणि तुम्हाला काय बटाट्याच्या पोत्यात घालू?"

"नवं झाड कापू," काका धापा टाकत म्हणाले. "वाळायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर मरायची सोय नाही."

"बघा! म्हातारा पळवाट काढतोय!"

"काढू दे की," वासिंग आजी म्हणाली. "मला एकटीला वर पाठवून तुम्ही सगळे पळवाटा काढा."

पण खाली कोणी उतरलं नाही. जित्या माणसाच्या पेटीच्या फळीला हात कोण लावणार? एडमंड उठला आणि थांबला. शेजारी थांबले. काका पायरीच्या खालच्या टोकाशी अडकले होते. फळी पायऱ्यांवर चढेना. ते एकदा वर ओढत, एकदा मागे सरकत. रोसेंडा पुढे झाली, तेव्हा तिच्या खांद्यावर हात पडला.

"तू नको," बाबा म्हणाले.

ते पायऱ्या उतरले. त्यांचे गुडघे दुखत, ते एकेक पायरी दोन्ही पायांनी उतरत. खाली जाऊन त्यांनी फळीचं जमिनीवरचं टोक उचललं. दोघे म्हातारे मधे काळी फळी धरून वर यायला लागले.

"हळू," काका म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही.

"हळूच आहे," बाबा म्हणाले.

अंगणात सगळ्यांनी ऐकलं. तेओफिला काकूचं तोंड उघडलं. वासिंग आजीने तिच्या पायावर पाय ठेवला आणि दाबला.

"डोक्याची बाजू पुढे घ्यायची. बुंध्याकडची," काका म्हणाले.

"ट्रकला कसलं आलंय डोकं?"

"ड्रायव्हरकडे डोकं."

"पाणी मागे उतरतं. बुंधा मागे पाहिजे, जाड बाजू. पुढे घातलीस तर सडेल."

"मी झाड निवडलंय."

"मी ट्रक चालवलाय."

"चालवलास, आणि एक्सल मोडलास."

"तू कोबीची जादा पोती घातलीस म्हणून मोडला!"

असं म्हणत त्यांनी फळी वर आणली, सांगाड्यावर टेकवली आणि दुसरी आणायला निघाले. भांडतच. मधे रोसेंडाला कोणी काही सांगायला सांगितलं नाही. ती अंगणाच्या मधोमध उभी होती, कामावरून काढून टाकलेल्या माणसासारखी, आणि तिला एकदम इतकं हलकं वाटलं की तिने ट्रकचा आरसा धरला.

तिसऱ्या फळीच्या वेळी एडमंड आपल्या घरून काखेत कोंबडी घेऊन आला. लाल, जाड, अंडी घालणारी.

"ही घ्या, पुन्हा विचारा," तो वासिंग आजीला म्हणाला. "मी बघणार नाही. मी तिकडे तोंड करून उभा राहतो. आणि मंडळींना... म्हणजे चर्चच्या मंडळींना कोणी सांगू नका."

"पाद्र्याच्या बायकोने दारातून तुला बघितलं," काकू म्हणाली.

"खरंच?"

"नाही. पण तुझं तोंड बघण्यासारखं झालंय."

आजीने कोंबडी फाडली आणि आत बघितलं.  आजी मान डोलावत राहिली, जणू जुन्या ओळखीच्या माणसाचं ऐकून घेतेय.

"टच्च भरलीये," ती शेवटी म्हणाली. "उभी आहे. तोंड बाहेर. आता कोणी नवीन भांडण काढू नका, गावातल्या कोंबड्या संपतील."

फळ्या पुऱ्या पडल्या नाहीत. मधला भाग झाकला, दोन्ही कडांना बोटभर नव्हे, चांगली हातभर फट राहिली. तिथं तूर्त बांबू. एडमंडने पाठ वळवायची सोडून वाकून फटीत बघितलं आणि म्हणाला, "कडेला जाळी लावू, ताई. गड्डे खाली नाही पडणार. माझ्याकडे आहे जाळी." मग जरा वेळाने, "वरच्या वाडीचा कोबी सोमवारी काढायचाय. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं."

"हो म्हणून सांग," रोसेंडा म्हणाली.

"आणि मनिला?"

"ड्रिल दे इकडे."

तिने पहिलं भोक पाडलं. धुरात मुरलेल्या लाकडातून चिकाचा वास आला, तिखट आणि गोड, जणू झाड कालच कापलंय. पहिला बोल्ट बसला. दुसरा. बाबा खाली वाकून नट धरत होते, काका वरून सांगत होते की नट उलटा आहे. नट उलटा नव्हता. बाबांनी तरी एकदा फिरवून बघितला.

मग रोसेंडा आत चढली आणि बटण दाबलं. इंजिन खोकलं, थुंकलं, आणि धरलं. सगळा ट्रक थरथरायला लागला. दरवाजे, आरसे, फळ्या. अंगणातली कुत्री भुंकत लांब पळाली. तिने हॉर्न दाबला आणि उजवा दिवा लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आरशात तिला मागचा हौदा दिसला. कालिक्स्तो काका कसेबसे वर चढले होते. त्यांनी हॅट काढली, छातीवर ठेवली, आणि नव्या तळावर सरळ आडवे झाले. डोकं ड्रायव्हरकडे. हात बाजूला. फळ्या इंजिनाबरोबर थरथरत होत्या आणि काकांचे गाल थरथरत होते.

"काय करताय!" तेओफिला काकू किंचाळली.

"बघतोय," काका डोळे मिटून म्हणाले. "माप बरोबर होतं. आणि पाठीला बरं वाटतंय गं. शेकल्यासारखं."

बाबा मागच्या फळकुटाशी उभे होते. त्यांनी आत वाकून भावाच्या पायाच्या अंगठ्याला धरून हलवलं.

"ऊठ, दादा," ते म्हणाले. "ही जागा कोबीची आहे."